मींड नसलेलं वाद्य

पुण्याच्या शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या आवारात चिमाजीअप्पांची समाधी आहे. त्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ज्या पाचव्या जुआंव राजाची वसई गेली, त्याच्या पदरी दोमेनिको स्कार्लात्ती हा नेपल्सचा संगीतकार होता. राजकन्येला तो हार्पसिकॉर्ड शिकवी. ती लग्न होऊन स्पेनला गेली तेव्हा तोही गेला. वसई पडण्याच्या आदल्याच वर्षी त्याने ३० सोनाटांचं पुस्तक या जुन्या धन्याला अर्पण केलं. त्या काळातली लढाई आपण तपशीलवार जपली आणि संगीताकडे मात्र ‘पट्ट्यांचं वाद्य, त्यात मींड कुठली’ म्हणून पाठ फिरवली. हे मला फार खटकतं, कारण हाच न्याय आपण पेटीलाही लावत आलो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी तीसेक वर्षं टिकली. माझं म्हणणं उलट आहे: वाद्याला जे जमत नाही, त्यातूनच त्याची शैली घडते, आणि स्कार्लात्तीचे सोनाटा हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की पिसाच्या देठाचं टोक तार छेडतं. बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. मींड नाही आणि लहानमोठा आवाजही नाही. म्हणजे पेटीपेक्षाही हे गरीब, कारण पेटीला निदान भाता असतो. मग जोर आणायचा कसा? डी मायनरमधला, सूचीत के. १४१ क्रमांकाचा सोनाटा ऐकावा. उजवा हात एकच स्वर बोटं बदलत सलग सहा-सहा वेळा वाजवतो, त्यामुळे विरत जाणारा नाद पुन्हा पुन्हा उभा राहतो. डावा हात स्वरसंघात न बसणारे शेजारचे स्वरही त्यात कोंबतो. एकाच वेळी जास्त तारा छेडल्या गेल्या की आवाज भरतो, आणि त्या खरखरीने अंगावर काटा येतो. विसंगत स्वर इथे ठोक्याचं काम करतात. त्याच्या ५५५ सोनाटांपैकी बहुतेक एकाच अंकाचे, दोन भागांचे: पहिल्या भागात मूळ षड्ज सोडून दुसरीकडे जायचं, दुसऱ्यात भटकून परत यायचं.

यावर कोणी म्हणेल, ही तर स्पॅनिश गिटारची नक्कल. गिटारचा ठसा आहेच, पण तिथे बोट तार ओढून स्वर हलवू शकतं, इथे ती सोय नाही. म्हणून उसनं घेतलेलंही वेगळं होऊन येतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: मींड नाही तर राग नाही. दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याच पट्टीत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे आणि तेवढ्यापुरता मी पेटीच्या विरोधकांच्याच बाजूला आहे. स्कार्लात्तीकडे याचं उत्तर नाही. पण त्याच्या रचनेत राग नाहीच; तिथे षड्जच जागा बदलतो, आणि आपल्या कानाला नेमकं हेच नवं आहे. हे सोनाटा आधी हार्पसिकॉर्डवर ऐकावेत, पियानोवर नंतर. पियानोवर वादक जोर बोटानेच देऊ शकतो. मग ते कोंबलेले स्वर नुसते चुकल्यासारखे वाटतात.