एक दुधी वेलीवर राहू द्या

आमच्या परसबाग गटाचा एक नियम आहे, वेलीवरचा चांगला एक दुधी बियाण्याला राखायचा. वाळून आत बिया खुळखुळल्या की काढायचा, बिया राखेत घोळून डब्यात ठेवायच्या. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरलं तर तसंच पीक येत नाही, म्हणून दरवर्षी नवी पुडी. गावठी बी घरचंच.

२००१चा कायदा शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क देतो. पण घरात बीच उरलं नाही, तर हक्क काय चाटायचा? बीजमाता राहीबाई पोपेरेंना पद्मश्री मिळाली, आपण टाळ्या वाजवल्या आणि पुडी आणायला दुकानात गेलो!

आमच्या गल्लीत गावठी वांग्याचं बी एकाच आजींकडे उरलं होतं. गटात वाटलं, आज ते अकरा घरांत आहे. मंडळी, तुमच्याकडे कुठलं बी शिल्लक आहे? सांगा, घ्या, द्या.