खोकता येणं

आतड्याचा तुकडा काढण्यासाठी पोट बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीची मुलगी आली. "काका, उशी पोटाशी धरा अन् खोका." खोकलो. टाक्यांवर ताण आला, पण कळ उठली नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या मंदिराजवळ आमचं घर. घरात सोसण्याला फार मान. वडिलांनी त्यांच्या ऑपरेशननंतर दात आवळून खोकला दाबला. कफ साचला, न्यूमोनिया झाला, ते अंथरुणाला खिळले.

मला भूलतज्ज्ञांनी आधीच पाठ वाकवून बसवलं, जागा बधिर केली आणि मणक्यांमधून दोऱ्याएवढी नळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवली. तिच्यातून मॉर्फिन. शिरेतून 10 मिलिग्रॅम लागावं तिथे इथून 2-3 पुरतं. वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच अडतो. 1979 साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी या वाटेने मॉर्फिन देऊन वेदना थांबल्याचं पहिल्यांदा नोंदवलं.

आत्या भेटायला आली. "अफू देऊन राह्यले काय रे तुले? सवय लागीन!" तिच्या लहानपणी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूचा कण चाटवत. एखादं लेकरू पुन्हा जागंच होत नसे. तिची भीती ऐकीव नव्हती.

डॉक्टर तिच्याशी नीट बोलले. "मावशी, इतक्या थोड्या दिवसांत सवयीचा धोका फार कमी. जपायचं ते श्वासाला." मॉर्फिन मज्जाद्रवातून हळूहळू मेंदूकडे चढतं, मात्रा दिल्यावर 12 तासांनीही श्वास मंदावू शकतो. म्हणून सिस्टर रात्रभर दर तासाला घड्याळ धरून माझे श्वास मोजत, हाक मारून जागा होतो का बघत. श्वास मिनिटाला 10 च्या खाली गेले तर लगेच डॉक्टर. उतारा म्हणून नॅलोक्सोन हाताशी. मला त्रास झाला तो नाकाला सुटलेल्या खाजेचा. मळमळही होती, लघवीची नळी होतीच. त्या सिस्टरांच्या जागरणाला मी औषधाइतकंच श्रेय देतो.

पाठीतली ही नळी सगळ्यांना चालत नाही. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असली किंवा पाठीच्या त्या जागी जंतुसंसर्ग असला तर दुसरा उपाय शोधावा लागतो. पण आता गल्लीतलं कुणी मोठ्या ऑपरेशनला निघालं, की मी त्यांना भूलतज्ज्ञांना भेटायला लावतो. दोन गोष्टी विचारा म्हणतो: नंतरच्या दुखण्याचं काय करणार, आणि रात्री माझे श्वास कोण मोजणार?