ब्रेक दाबला की थरथरते!

आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर अजूनही एक चंदेरी स्टिकर आहे. 'एमपीएफआय'. त्यातला शेवटचा 'आय' गळून पडलाय, पण बाबा आजही त्या स्टिकरवरून फडकं फिरवताना हात जरा हळू करतात.

२००३ च्या दसऱ्याला ही पांढरी हॅचबॅक नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगखाली आली, तेव्हा मी पहिलीत होते. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं आणि अख्ख्या मजल्याला पेढे. तिचा नंबर एमएच-०६. पनवेलला स्वतःचं एमएच-४६ मिळालं ते नंतर. त्यामुळे नंबरप्लेट बघूनच जुने लोक ओळखतात की ही इथली मुरलेली मेंबर आहे.

तेव्हा 'एमपीएफआय' म्हणजे स्टेटस होतं बरं का! १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या नव्या गाड्यांच्या धुराला लगाम घातला, मग इतर महानगरांतही नियम कडक होत गेले आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. मारुती ८०० सुद्धा २००० साली एमपीएफआय झाली. म्हणजे काय, तर प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा स्वतंत्र इंजेक्टर, आणि किती फवारायचं ते ठरवणारा एक छोटा कॉम्प्युटर. स्क्रू पिळून 'ट्यूनिंग' करायचा जमाना संपला. बाबा तेव्हा सगळ्यांना सांगायचे, "हिला चोक नाही, किल्ली फिरवली की चालू!"

तर गेल्या पावसाळ्यात ही एमपीएफआय बाई थरथरायला लागली.

चालताना काही नाही. एक्सप्रेस वेवर तर एकदम मख्खन. पण सिग्नलला थांबली की अंगात आल्यासारखी हलायची. आमचं बेस मॉडेल, त्यामुळे आरपीएमचा काटा वगैरे लाड नाहीत. आमचा मीटर म्हणजे डॅशबोर्डवरचा गणपती. गाडी नीट असली की गणपती ध्यानस्थ. बिघडली की थेट विसर्जनाच्या मिरवणुकीत! कधीकधी तर इंजिन घुर्र करून बंदच पडायचं, आणि मागे हॉर्नची सिंफनी सुरू.

माझा स्वभाव म्हणजे प्रॉब्लेम आला की पैसे फेकून मोकळं व्हायचं. फ्रीलान्स काम करणाऱ्या माणसाने असा स्वभाव ठेवू नये, हे मला मान्य आहे. पण डेडलाइन डोक्यावर असताना गॅरेजमध्ये कोण बसणार? पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, "सिग्नलला थरथरते." त्यांनी प्लग आणि वायरी बदलल्या. १,४०० रुपये. दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केले. २,८०० रुपये. तिसऱ्याने आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह बदलला. ३,२०० रुपये. एकूण ७,४०० रुपये गेले आणि गणपती नाचतोच आहे.

त्यात गंमत अशी की गॅरेजमध्ये गाडी शहाण्या मुलीसारखी वागायची. मेकॅनिक बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून इंजिन चालू करायचा आणि म्हणायचा, "मॅडम, बरी तर चालतेय!" डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो ना, अगदी तसंच.

स्कॅनर लावा म्हटलं, तर तेही सोपं नाही. आपल्याकडे गाडीने स्वतःचा आजार ठरावीक कोडमध्ये सांगायची सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. २००३ च्या गाडीला ज्याचा त्याचा प्लग आणि ज्याची त्याची भाषा. तिसऱ्या गॅरेजवाल्याने तर शेवटी निकालच दिला, "हे नवीन ई-२० पेट्रोल जुन्या गाड्यांना सोसत नाही. विकून टाका." मला ते इतकं सोयीस्कर वाटलं की मी लगेच मान डोलावली.

आता खरी गोष्ट. ती सांगायला मला थोडी लाज वाटतेय.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण गाडी तेच चालवतात. दर रविवारी स्टेशनजवळच्या उड्डाणपुलावरून जुन्या पनवेलच्या मंडईत जायचं, भाजी आणि मासळी आणायची, हे त्यांचं व्रत आहे. गाडी बिघडली तेव्हापासून ते दोन वाक्यं सारखी म्हणायचे. एक, "ब्रेक दाबला की थरथरते." आणि दुसरं, "ब्रेक जड लागतोय गं."

पहिलं वाक्य मी ऐकलंच नाही. सिग्नलला थांबलं की ब्रेक दाबलेलाच असतो ना, त्यात विशेष काय? दुसरं ऐकलं आणि भलताच अर्थ लावला. मला वाटलं, ब्रेक जड नाही, बाबांचा पाय थकलाय. मी स्वतः क्वचित चालवायचे, तेव्हा मलाही पेडल कडक लागायचं. पण मी म्हणायचे, जुनी गाडी आहे, असणारच!

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी बाजूला बसले होते. उड्डाणपूल उतरताना पुढची रिक्षा अचानक थांबली. बाबांनी ब्रेक मारला. गाडी थांबली, पण रिक्षाच्या बंपरपासून वीतभर अंतरावर. बाबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट आवळलेले होते. ते एवढंच म्हणाले, "दगडासारखं पेडल आहे."

घरी आल्यावर मी जाहीर केलं, "बाबा, आता पुरे. तुम्ही गाडी चालवणं बंद करा." आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच सांगितलं, "किल्ली लपवून ठेव."

बाबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच किल्ली आणून टीव्हीच्या शेजारच्या खिळ्याला लावली. पुढच्या रविवारी ते रिक्षाने मंडईत गेले आणि येताना फक्त मेथीची जुडी घेऊन आले. मासळी नाहीच. म्हणाले, "रिक्षात वास येतो, तो माणूस कटकट करतो."

मी गाडी विकायचं ठरवलं. हिशोबही पक्का होता. १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. आमचं २०१८ आणि २०२३ ला झालं, आता पुढचं २०२८ ला. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी १० हजार रुपये झाली. एवढ्या जुन्या गाडीवर कोण खर्च करणार? फक्त गिऱ्हाइकासमोर ती बंद पडू नये, म्हणून एकदा शेवटचं दाखवून आणायचं होतं. कुणीतरी खांदा कॉलनीतल्या एका काकांचं नाव सांगितलं. छोटंसं गॅरेज, बोर्डही धड नाही. काय वाटलं कोण जाणे, बाबा म्हणाले, "मी पण येतो."

काकांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "कधी थरथरते?"

"सिग्नलला," मी तयार उत्तर दिलं.

"थंड असताना की गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळा... बहुतेक."

"एसी चालू असताना जास्त?"

"लक्ष नाही दिलं."

"तेव्हा पाय कुठे असतो?"

पाय? मी गप्प. मागून बाबांचा आवाज आला, "ब्रेकवर. ब्रेक दाबला की थरथरते. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

काकांनी माझ्याकडे बघणं सोडलं आणि बाबांकडे वळले. "पेडल जड लागतं का साहेब?"

"दगडासारखं."

"बसा तुम्ही. स्टार्ट करा."

हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवरून काढलेला. इंजिन शांत, गणपती ध्यानस्थ. "आता दाबा." बाबांनी ब्रेक दाबला आणि गणपतीची मिरवणूक सुरू! "सोडा." शांत. "दाबा." परत नाच. काकांनी मला वाकून पेडलजवळ कान न्यायला सांगितला. आत हवा शिरल्यासारखा बारीक सूं-सूं आवाज येत होता. हा आवाज दोन-तीन महिने माझ्या पायाशी होता आणि मी मोठ्याने एफएम ऐकत होते.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनच्या मागे, ड्रायव्हरच्या समोर, एक काळा गोल डबा असतो. त्यातून एक जाड रबरी नळी इंजिनकडे जाते. काकांनी त्या नळीला फडकं गुंडाळलं आणि पक्कडने ती दाबून धरली. "आता दाबा ब्रेक." बाबांनी दाबला. गणपती हलला नाही.

सात हजार चारशे रुपये आणि तीन गॅरेजं करूनही जे सापडलं नाही, ते एका पक्कडने दोन मिनिटांत सापडलं.

हा डबा म्हणजे ब्रेक बूस्टर. आत रबराचा एक पडदा असतो. इंजिन त्या डब्यातली हवा शोषून घेतं. आपण ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आत येते, ती पडद्याला ढकलते आणि आपल्या पायाला जोर देते. पेडल हलकं लागतं ते त्यामुळेच. आमचा पडदा फाटला होता. पाय काढलेला असताना बाहेरची हवा आत येतच नाही, म्हणून सगळं आलबेल. दाबला की ती हवा फाटक्या पडद्यातून सरळ इंजिनमध्ये. कॉम्प्युटरने न मागितलेली ही फुकटची हवा पेट्रोलचा हिशोब बिघडवते आणि इंजिन अडखळतं. पळताना इंजिन भरपूर हवा घेत असतं, तेव्हा थोडी गळती पचून जाते. उभ्या गाडीत ते अगदी जेमतेम श्वास घेत असतं, तिथे तीच गळती भारी पडते.

आणि गॅरेजमध्ये गाडी शहाणी का? कारण तिथे हँडब्रेक लावलेला असायचा. ब्रेकवर कुणाचा पायच नव्हता! बिचाऱ्या ई-२० चाही यात दोष नव्हता. त्या नळीतून पेट्रोल जातच नाही. एकवीस-बावीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं रबर, शेवटी किती टिकणार?

दोन्ही वाक्यं एकच दुखणं सांगत होती. थरथर आणि जड पेडल, दोन्ही त्याच फाटक्या पडद्याचे. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "थरथरण्याचं सोडा, ब्रेकचं वाईट झालं असतं. याला पायाने दुप्पट जोर लावावा लागतो. साहेबांनी लावला म्हणून थांबली." मला तो उड्डाणपूल आठवला आणि पोटात गोळा आला. ज्या पायाला मी थकलेला म्हटलं, त्यानेच त्या दिवशी आम्हा दोघांना वाचवलं होतं.

तुमच्याकडेही अशी जुनी एमपीएफआय असेल तर गॅरेजला जाण्याआधी एवढं करा. गाडी कधी थरथरते ते चार दिवस नीट लिहून काढा: थंड की गरम, एसी चालू की बंद, ब्रेकवर पाय आहे की नाही. फक्त सकाळी थरथरणारी, फक्त एसी लावल्यावर थरथरणारी आणि कायम थरथरणारी, या तीन वेगळ्या गाड्या आहेत. मग ब्रेकची एक साधी परीक्षा. उभी गाडी, हँडब्रेक, गियर न्यूट्रल, इंजिन बंद. ब्रेक चार-पाच वेळा दाबून पेडल कडक होऊ द्या. तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही, तर गाडी पुढे चालवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

नवीन बूस्टर लेबरसकट ३,६०० रुपयांना पडला. पार्ट यायला दोन दिवस गेले. गाडी आणायला आम्ही दोघंच गेलो. काकांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती बाबांना दिली.

वाटेत म्हटलं, "सॉरी बाबा."

"अगं, सांगत तर होतो," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

माझा धंदाच माणसांना प्रश्न विचारायचा आणि त्यांची उत्तरं लिहून घ्यायचा. अनोळखी माणसांचं मी तासतासभर ऐकते. घरातल्या माणसाची दोन वाक्यं मात्र मला ऐकू आली नव्हती, कारण उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं.

गाडी विकली नाही. २०२८ च्या दहा हजारांचं २०२८ मध्ये बघू. टीव्हीशेजारचा खिळा रिकामा आहे. परवाच्या रविवारी मी बाजूला बसून मंडईत गेले. सिग्नल लागला, बाबांनी ब्रेक दाबला. माझी नजर आपोआप गणपतीकडे गेली. एकदम ध्यानस्थ.

बाबांनी ते पाहिलं. "बांगडा घेऊ या का आज?" त्यांनी विचारलं.

डिकीला दोन दिवस वास येत होता. कुणीही कटकट केली नाही.