पाच बाय सातची पिशवी

दरवर्षी जुलै आला की गावोगाव झाडं लावल्याचे फोटो सुरू होतात. हातात रोप, मागे बॅनर, शेजारी पाण्याची बादली. त्या फोटोत एक गोष्ट कोणीच बघत नाही. रोपाची पिशवी. आज तिच्याबद्दल लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण वाचा. यात माझीही चूक आहे, ती आधी सांगते.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. मुरमाड रान, पाऊस बेभरवशाचा. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. 2018 साली आमच्या बचत गटानं रोपवाटिका टाकली. तेव्हा राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम चालू होती. 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला थेट 33 कोटी झाडांचं लक्ष्य. रोपांना मागणी होती. आम्हाला दहा हजार रोपांची ऑर्डर मिळाली. कडुनिंब, चिंच, करंज. गटातल्या बायकांना वाटलं, एक वर्ष तरी कोयता हातात घ्यायला नको.

ऑर्डर देणाऱ्यानं एकच अट घातली. "ताई, रोप कमरेला लागलं पाहिजे. पिशवी पाच बाय सातचीच धरा, मोठी परवडत नाही."

आता हा हिशोब बघा, कारण बहुतेकांना तो माहीत नसतो. पिशवीचं माप सपाट असताना घेतात. पाच इंच रुंदीची पिशवी माती भरून गोल झाली की तिचा व्यास जेमतेम सव्वातीन इंच राहतो. तळ दुमडतो, वर थोडी जागा सोडावी लागते. म्हणजे आत माती किती, तर पाऊण लिटरच्या आसपास. दोन तांबेसुद्धा नाही. आठ बाय बाराच्या पिशवीत हीच माती साडेतीन लिटरच्या घरात जाते. म्हणजे चौपटीहून जास्त. अर्थात माती, शेणखत, पाणी, गाडीभाडं, सगळंच वाढतं. म्हणून लहान पिशवी "परवडते".

कडुनिंबाची निंबोळी ताजीच पेरावी लागते, ठेवली की उगवण घटते. आम्ही 2018 च्या पावसाळ्यात पेरली आणि रोपं गेली 2019 च्या जुलैत. म्हणजे जवळपास वर्षभर ते रोप पाऊण लिटर मातीत होतं. वर कमरेएवढं वाढलं. खाली काय चाललंय ते पिशवीमुळे दिसत नव्हतं.

माझे सासरे, नाना, एक दिवस रोपवाटिकेत आले. त्यांनी एक पिशवी फाडली. सोटमूळ तळाला टेकून वळलं होतं आणि चुंबळीसारखं गोल गोल फिरलं होतं. म्हणाले, "पोरी, हे झाड मुरमात जायचं नाही. ह्याला गोल फिरायची सवय लागली." मी म्हटलं, "नाना, ऑर्डर उंचीची आहे, मुळीची नाही." ते गप्प बसले. मला कळत होतं. तरी गाडी भरून दिली. बिल निघालं, बायकांना पैसे मिळाले. मलाही मिळाले.

2021 च्या मे महिन्यात त्याच डोंगरावर गेले. खड्डे होते, खुंट्या होत्या. जी थोडी झाडं उभी होती त्यातलं एक हातानं हलवलं, तर अलगद वर आलं. तीन वर्षांच्या झाडाचं मूळ अजून पिशवीच्याच आकाराचं होतं! दोन-तीन रोपांना तर प्लास्टिकसुद्धा तसंच होतं, लावणाऱ्यानं फाडायचे कष्टही घेतले नव्हते.

सगळी झाडं पिशवीमुळेच मेली असं मी म्हणणार नाही. शेळ्या होत्या, पाणी नव्हतं, राखण नव्हती. पण आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात संपतो, तो जूनपर्यंत नाही. त्या सात-आठ महिन्यांत जे मूळ खाली ओलीपर्यंत जाईल तेच झाड जगतं. वर कमरेएवढा पाला, तो सगळं पाणी उडवणार, आणि खाली मूठभर वळलेली मुळी. त्याला तुम्ही टँकरनं पाणी घातलं तरी किती दिवस?

मग मोठ्यात मोठी पिशवी घ्यावी का? तेही नाही. चिमुकलं रोप एकदम मोठ्या पिशवीत टाकलं तर भोवतालची माती ओलीच राहते आणि मूळ कुजतं. शिवाय मोठ्या पिशव्या डोंगरावर वाहणार कोण? साधं गणित आहे. चार-पाच महिन्यांत लावायचं असेल तर लहान पिशवी चालते. वर्षभर ठेवायचं असेल तर मध्ये पिशवी बदलायची, मुळी वळायच्या आत. आणि लावताना तळाची वळलेली मुळी कात्रीनं कापून टाकायची. कापलेल्या जागी नवं मूळ फुटतं, ते खाली जातं. रूट ट्रेनर नावाचे प्लास्टिकचे साचे मिळतात. त्यांना आतून उभ्या रेघा असतात आणि तळ उघडा, त्यामुळे मूळ फिरत नाही. पण त्यात माती थोडी, म्हणून रोप वेळेवर बाहेर काढावं लागतं.

गंमत सांगते. मुलगा मोबाईलवर पिशवीचं माप शोधत होता, तर पुढं आली गांजाची झाडं. आपल्याकडे 1985 च्या कायद्यानं तो लावणं गुन्हा आहे. पण जिथं परवानगी आहे तिथले लोक, चार महिन्यांत कापायच्या झाडासाठी कुंडी किती लिटरची हवी यावर पानंच्या पानं लिहितात. आणि आपण शंभर वर्षं जगणाऱ्या चिंचेसाठी पिशवी स्वस्त कोणती एवढंच बघतो.

आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथं आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली, पाणी अडवलं, मग झाडं टिकली. आकडा नंतर आला. आपण आकडा आधी धरतो.

म्हणून या पावसाळ्यात तुमच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा.

एक, रोप कोणत्या मापाच्या पिशवीत आहे आणि त्यात किती महिने आहे, ते लेखी द्या.

दोन, गाडी आली की कुठलीही पाच रोपं उचलून पिशव्या फाडा. मूळ गोल फिरलेलं असेल तर गाडी परत. पाच रोपं गेली तरी चालतील.

तीन, रोपाचं सगळं बिल लावल्याच्या दिवशी नको. काही पैसे दुसरा उन्हाळा काढलेल्या झाडांवर द्या.

आमच्या गटाची रोपवाटिका अजून आहे, लहान आहे. आता ऑर्डर घेताना गिऱ्हाइकासमोर मीच एक पिशवी फाडून दाखवते. दर जास्त म्हणून काही जण परत जातात. जाऊ द्या.

नाना गेल्या वर्षी गेले. दारातलं कडुनिंब त्यांनी कुठल्याच पिशवीत वाढवलं नव्हतं. निंबोळी जागेवरच टोकली होती. त्याला उन्हाळ्यात कधी पाणी घातल्याचं मला आठवत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर दारातल्या एका रोपाची पिशवी फाडून बघा.