ऐनाच्या झाडावरचं रेशीम

टसरचा कोष पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो रेशमाचा आहे हे पटतच नाही. छोट्या अंड्याएवढा, करड्या-पिवळ्या रंगाचा, नखानं दाबला तरी न दबणारा. वरच्या टोकाला काळपट देठ आणि देठाच्या शेवटी एक कडं. हा देठ झाडाचा नव्हे, अळीनं विणलेला. कोष करण्याआधी ती दोन-तीन पानं ओढून आडोसा करते, मग वर सरकून डहाळीभोवती रेशमाचं कडं घालते आणि त्यानंतर स्वतःभोवती घर बांधायला घेते. पुढं ऐनाची पानं गळतात, उन्हाळ्याच्या वावटळी येऊन जातात, कोष जागचा हलत नाही. पानांवर पोसलेला हा जीव भिस्त ठेवतो ती फांदीवर.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ऐन आणि अर्जुन उभे आहेत म्हणून हा पतंग आहे. वर्षाच्या शेवटच्या पिढीचे कोष हिवाळा-उन्हाळा झोपून काढतात आणि पावसाच्या चाहुलीनं जागे होतात. आतला पतंग तोंडातून एक द्रव सोडून कोषाचं टोक मऊ करतो आणि संध्याकाळच्या सुमारास बाहेर येतो. त्या वेळी त्याचे पंख ओले, चुरगळलेले असतात. तो कोषालाच धरून लोंबकळत राहतो, आणि बघता बघता पंख उलगडत वीतभर पसरतात. नर विटकरी, मादी पिवळसर. चारही पंखांवर एकेक डोळा, आणि डोळ्याच्या मधोमध अगदी नितळ, पारदर्शक चकती. पतंग खोडावर बसला, की त्या चकतीतून मागची साल दिसते.

या देखण्या जिवाला खाता येत नाही, तोंड नावापुरतं. अळीपणी पोटात साठवलं, त्यावर जेमतेम आठवडा काढायचा. नर आपल्या रुंद, पिसांसारख्या शृंगिकांनी हवेतला मादीचा गंध टिपतो आणि अंधारात तिच्यापर्यंत पोहोचतो. मादी शे-दोनशे अंडी घालते. त्यांतून आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात, पानं फस्त करत चार वेळा कात टाकतात आणि बोटापेक्षा जाड, हिरव्यागार होतात. त्यांच्या कुशीवरचे चंदेरी ठिपके उन्हात चकाकतात.

तुतीच्या रेशीमकिड्याला माणसानं हजारो वर्षांत घरचं करून टाकलं. तो छपराखाली, ट्रेमध्ये वाढतो, आणि त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. टसरची अळी मात्र झाडावरच वाढवावी लागते. म्हणून पूर्व विदर्भातले ढिवर अळ्या झाडांवर सोडतात आणि स्वतःही जंगलात मुक्काम करतात. मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरं यांच्यापासून राखण करायची. एका झाडाची पानं संपली, की अळ्यांसकट फांद्या तोडून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. एरवी तळी आणि नद्यांवर जगणारी ही माणसं पावसाळ्यात ऐनाच्या पानापानावर नजर ठेवून असतात.

या कामात एक निवड करावीच लागते, आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. पतंग बाहेर पडला, की धागा तुटतो. सलग धागा हवा तर कोष आतल्या जिवासकट उकळावा लागतो. पण सगळेच उकळले तर पुढची पिढी कुठून येणार? म्हणून निवडक कोष बियाण्यासाठी राखतात, त्यांच्या माळा करून टांगतात आणि पतंग निघायची वाट बघतात. पतंग निघून गेलेले कोषही वाया जात नाहीत, त्यांचं सूत कातलं जातं. घेताना राखून घ्यायचं, हा हिशेब या धंद्याच्या मुळाशीच आहे.

भंडारा-नागपूरकडची करवतकाठी साडी याच टसरची. तिचा मातकट सोनेरी रंग, तिचा किंचित खरबरीत पोत यांचं कौतुक करताना नजर मागावरच थांबते. मला वाटतं, ती आणखी मागं, ऐनापर्यंत जायला हवी. शेडमध्ये तुतीचं रेशीम पिकवता येतं, पण टसरला उभं झाड लागतं, मोकळं आभाळ लागतं, आणि रात्री नराला मादी सापडावी एवढा निवांत अंधार लागतो. ऐन तुटला तर आधी अळी जाईल, मग ढिवराची राखण, मग मागावरचा धागा. ही साडी नेसणाऱ्यांनी ऐनाची बाजू घ्यायला हवी, कारण त्यांच्या अंगावरचं रेशीम त्याच्याच पानांचं झालेलं आहे.