वाढत्या अंगाची सायकल

लहानपणी नाताळाचा सदरा शिवायला टाकताना आमची आई शिंप्याला हमखास बजावायची, “दोन बोटं सैलच ठेवा हो, पोर वाढत्या अंगाचं आहे.” ती शिकवण आमच्या अंगी पुरती मुरली असावी. चौदा वर्षांच्या चिरंजीवांसाठी डोंगरात चालवायची सायकल घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा दुकानदाराने पुढे केलेली १६ इंची सायकल बाजूला सारून आम्ही १९ इंचीवर हात ठेवला. “कॉलेजापर्यंत पुरेल,” असे वर ऐकवलेही. दुकानदाराने गिऱ्हाइकाचे मन मोडले नाही.

आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. आमचे सायकलशिक्षण वडिलांच्या २२ इंची काळ्या सायकलीवर झालेले. दांडीवरून टांग पोचत नसे, म्हणून दांडीखालून पाय घालून, कमरेत वाकडे होऊन आम्ही ती हाकत असू. मात्र आमचा रस्ता वाडीतला होता, सपाट आणि मऊ मातीचा. डोंगरउताराचा न्याय निराळा असतो, हे ध्यानी आले नाही.

पावसाळा सरल्यावर चिरंजीव मित्रांसह तुंगारेश्वरला गेले. उतरताना चाक दगडाला अडले. पाय टेकायला गेले, तो जमीन लागेना. सायकल कलंडली आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घालून घरी येताना तो हळूच म्हणाला, “डॅडी, ती मला पहिल्या दिवसापासून मोठी होत होती. पण तुम्ही एवढ्या हौसेने घेतली होती ना!” त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

मग उशिराचे शहाणपण सुरू झाले. या सायकलींचा उगम कॅलिफोर्नियातला. १९७० च्या दशकात तिथल्या मरिन परगण्यातील तरुण जुन्या जाडजूड सायकली घेऊन टॅमलपाइस डोंगरावरून सुसाट उतरत. १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवा सांगाडा घडवला. पुढे या सायकलींची वरची दांडी सीटकडे उतरती होत गेली. खडकाळ वाटेवर अवचित थांबावे लागले, तर पाय सुखरूप टेकावेत, हा त्यातला एक हेतू.

चाकाचे माप वेगळे आणि सांगाड्याचे वेगळे, हेही तेव्हाच उमगले. चाके २६, २७.५ वा २९ इंची. सांगाड्याचा आकडा हा सीटखालच्या नळीच्या लांबीचा. हल्ली आकड्यांऐवजी लहान, मध्यम, मोठा अशी मापे असतात, पण एका कंपनीचे ‘मध्यम’ दुसरीच्या ‘मध्यम’शी जुळेलच असे नाही. सीट वर-खाली करता येते, हँडलचा आखूड-लांब जोड बदलता येतो. सांगाडा मात्र आहे तेवढाच राहतो.

अखेर जे आधी करायचे ते नंतर केले. चिरंजीवांना अनवाणी भिंतीशी उभे केले, दोन्ही पायांमध्ये पुस्तक उभे धरून वर दाबले आणि त्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलीची खूण केली. जमिनीपासून ७३ सेंटीमीटर! आणि आम्ही घेतलेल्या सायकलीची दांडी होती ७८ वर. डोंगरात दांडी व जांघ यांत निदान पाच सेंटीमीटर मोकळी जागा हवी. इथे उलट तेवढीच तूट होती. पायाचे सेंटीमीटरमधले माप ०.२२६ ने गुणले की सांगाड्याचे इंच ढोबळमानाने कळतात. उत्तर आले साडेसोळा. दुकानदार बरोबर होता.

तोटा सोसून ती सायकल विकली आणि १६ इंची आणली. तिची दांडी ६७ सेंटीमीटरवर आहे. “दोन वर्षांत लहान होईल,” सौ. म्हणाल्या. होईल, तेव्हा पाहू. मुलगा उद्या केवढा होईल याचा हिशेब करताना तो आज केवढा आहे, हे बघायचे आमच्याकडून राहून गेले होते.

भिंतीवरची ती पेन्सिलीची खूण आम्ही पुसलेली नाही. यंदा रंगारी आला, तेव्हा तेवढी जागा त्याला सोडायला सांगितली.