उचलणार कोण?

मोठ्या जातीचा कुत्रा दत्तक घ्यायला आलेल्यांना मी पहिल्यांदा एकच विचारते : तो आजारी पडला तर त्याला उचलणार कोण? घर केवढं आणि पगार किती, हे नंतर.

पुण्यात इतकी वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतेय, पण हा प्रश्न मला एका ग्रेट डेन मादीनं शिकवला. पिल्लांसाठी वापरून रस्त्यावर सोडून दिलेली. कोपरांवर सिमेंटच्या लादीचे घट्टे, सड लोंबलेले, गोचीडतापानं हिरड्या पांढऱ्याफटक. वजन ३२ किलो. या जातीची निरोगी मादी ४५ किलोंच्या पुढं भरते. सहा महिन्यांनी ती ४८ किलोंची झाली आणि एका कुटुंबाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेली.

एका रात्री जेवणानंतर तिचं पोट फुगलं. ओकाऱ्यांचे उमाळे येत होते, बाहेर मात्र काहीच पडत नव्हतं. तोंडाला लाळ, पोट नगाऱ्यासारखं ताठ. खोल छातीच्या कुत्र्यांना हा धोका फार असतो : जठरात वायू भरतो, जठर स्वतःभोवती पीळ घेतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग हातात काही तासच असतात. शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. लिफ्ट बंद होती. चार शेजाऱ्यांनी चादरीची झोळी करून तिला उतरवलं. वेळेत पोचली म्हणून वाचली.

तेव्हापासून अशा मादीची नसबंदी करतानाच जठर पोटाच्या आतल्या भिंतीला टाके घालून जोडून घ्या, असं मी आग्रहानं सांगते. पीळ पडण्याचा धोका त्यानं खूप कमी होतो. जेवण दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावं आणि जेवल्यावर पळवू नये.

सेंट बर्नार्डची गोष्ट याहून दुखरी आहे. आल्प्समधल्या सुमारे २,४७० मीटर उंचीवरच्या खिंडीत, मठातल्या साधूंनी बर्फासाठी जोपासलेली ही जात. तिचं गोंडस पिल्लू नागपूरच्या उन्हाळ्यात का आणायचं? ते वाढलं, धापा टाकू लागलं, कूलरचं बिल परवडेना, की फाटकाबाहेर. पाळलेलं जनावर असं सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

मोठा झालेला कुत्रा घेण्यात मला तर शहाणपणच दिसतं. त्याची उंची, त्याचा स्वभाव, त्याच्या कमरेचे सांधे, सगळं समोर असतं. फक्त हिशोब नीट मांडा. ग्रेट डेनचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं. पाच वर्षांचा डेन निम्म्याहून जास्त जगून झालेला असतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणजे खर्चही वजनावरच. घरी आल्यावर तो कोपऱ्यात बसेल, खाणार नाही, हात लावू देणार नाही. बसू द्या. कुणाला काही दिवस लागतात, कुणाला काही महिने. हे झेपणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. घेऊन परत आणण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि ठरलंच असेल, तरी या दिवाळीत त्याला घरी आणू नका. अनोळखी घरात, फटाक्यांच्या आवाजानं बिथरलेला ५० किलोंचा जीव पट्टा तोडून पळाला, तर त्याला परतीचा रस्ताही ठाऊक नसतो. तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा होऊन जाऊ दे. मग या, आणि येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन या.